माफीचा घोडा

बैशेनला जेवायला बोलवायचं की नाही यावरून सकाळपासून घरात दोन तट पडले होते, आणि घोडा तर अजून कापायचाच होता.

हिवाळ्याच्या बेगमीचा घोडा कापला की कालव्याकाठच्या सगळ्या घरांना ताज्या मांसाचं आमंत्रण जातं. तेरेक-सू गावात या गोष्टीला कधी कुणी फाटा दिला नव्हता. गेल्या हिवाळ्यात कासमालीच्या घरी मात्र घोडाच कापला नाही. धाकटा मुलगा एर्मेक नुकताच तुरुंगात गेला होता आणि कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. यंदा कासमाली आबांनी सकाळच्या चहालाच जाहीर केलं, "नेहमीसारखं सगळ्यांना बोलवा. बाकीचे संध्याकाळी येतील. बैशेनला दुपारीच सांगा, घरच्यासारखा."

"घरच्यासारखा!" आबांच्या पत्नी आपा म्हणाल्या. "त्याच्यापायी माझं पोरगं आत बसलंय."

"त्याच्यापायी नाही. स्वतःच्या करणीपायी बसलंय."

आपांनी आपला पियाला खाली अंथरलेल्या दस्तरखानावर उपडा घातला. याचा अर्थ चहाही संपला आणि बोलणंही. थोरला तालाय आपांच्या बाजूचा, पण त्याने तसं बोलून दाखवलं नाही. तो सुरीला धार लावत राहिला. एर्मेकची बायको, धाकटी सून मेरिम, चुलीत शेणी सारत होती. सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही आणि मोठ्यांच्या बोलण्यात पडायचं नाही, या दोन गोष्टी तिच्या आईने लग्नाआधी तिच्याकडून घोकून घेतल्या होत्या. दोन्ही ती कसोशीने पाळत होती.

लग्न होऊन वसंत आणि उन्हाळा एवढंच तिला नवऱ्याबरोबर मिळालं. उन्हाळ्याच्या शेवटी वरच्या कुरणातून बैशेनच्या दोन तांबड्या घोड्या नाहीशा झाल्या. त्या रात्री राखणीची पाळी एर्मेकची होती. नारीनच्या जनावरांच्या बाजारात एका दलालाने पोलिसांना सांगितलं, की विकणारा पोरगा तेरेक-सूचा वाटत होता, अंगात करडं जाकीट होतं, एर्मेककडे होतं तसलंच. एवढं गावाला पुरलं. कुजबुज आबांच्या कानावर आली त्याच दिवशी त्यांनी आपला सर्वांत देखणा घोडा सोडला, लगाम धरून चालत बैशेनच्या दारात गेले आणि मान खाली घालून म्हणाले, "माझ्या पोराची चूक पोटात घाल."

रीतच आहे ती. ज्याच्या घरातून आगळीक झाली त्याने जनावर घेऊन दारात जायचं, दुसऱ्याने लगाम हातात घ्यायचा, दोघांनी एका ताटात जेवायचं. मग दोन घरांत वैर राहत नाही. बैशेनने लगाम घेतला आणि वैर मिटलं. खटला मात्र मिटला नाही, कारण जनावरांच्या चोरीत पोलीस घरगुती समेट मानत नाहीत. सरकारी वकिलाने मग दुसरा रस्ता दाखवला: गुन्हा कबूल कर, तसा करार लिहून दे, शिक्षा निम्मी होईल. एर्मेकने करारावर सही केली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "स्वखुशीने कबूल करतोस?" तो म्हणाला, "हो." मेरिम मागच्या बाकावर बसली होती, आणि तो इतक्या हळू बोलला की बाईंनी त्याला तेच पुन्हा मोठ्याने म्हणायला लावलं.

घोडा कापून झाला, कातडं कुंपणावर पडलं, तेवढ्यात बुरुल आली. आबांची लेक, तालायच्या पाठची आणि एर्मेकच्या आधीची. बिश्केकहून वाटणीच्या टॅक्सीतून आली होती, पायांत शहरी बूट. सगळ्यांच्या गळ्यात पडून झाल्यावर ती अस्तन्या वर सारून थेट मेरिमजवळ आतड्यांच्या घमेल्यापाशी येऊन बसली.

"राहू दे, एजे," मेरिम म्हणाली; थोरल्या बहिणीला 'एजे' म्हणतात तसं ती नणंदेलाही म्हणे. "शहरात राहून हात नाजूक झाले असतील."

"नाजूक? तिथे मी एक नवरा आणि दोन कार्टी सांभाळते. हे आतडं त्यांच्यापेक्षा सरळ आहे." बुरुलने आतडं उलटं करून मीठ चोळायला घेतलं, आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आबा कुठायत?"

"गोठ्यात."

"मग ऐक. खिंडीपलीकडे एक टोळी पकडलीय. त्यातल्या एकाने जुन्या चोऱ्याही ओकल्यात. बैशेनकाकांच्या घोड्या त्यानेच नेल्या. एकीचा फाटका कान, दुसरीच्या मांडीवरचा डाग, सगळं बरोबर सांगितलंय. विकायला पाठवलेला पोरगा त्याचाच भाचा होता. जबाब लिहून झालाय, मेरिम, सहीसकट."

मेरिम आतडं धूतच राहिली. बुरुलने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"अगं, रड तरी! नाहीतर हस तरी. मी ही बातमी पोटात धरून एवढा घाट चढून आले."

"एजे, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्यांनी नेल्या नाहीत हे. पहिल्या भेटीला गेले तेव्हाच सांगितलं त्यांनी. आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातली."

बुरुलच्या हातातलं आतडं घमेल्यात पडलं. पाणी दोघींच्या अंगावर उडालं. "वर्षभर तू हे घेऊन या घरात भाकऱ्या थापत होतीस?"

"काय करू मग? कुणाला सांगू? आपांना? त्या तशाच रडून रडून अर्ध्या झाल्यात. आणि आबांपुढे मी..." ती थांबली. "चहा आणू का, दूध घालू का, एवढंच आमचं बोलणं."

बुरुलला राग आला होता, पण कुणावर काढावा हे तिलाही कळेना. ती पुन्हा मीठ चोळायला लागली, जरा जास्तच जोराने. मग तिने बिश्केकमध्ये गाठलेल्या वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं. चोराचा जबाब आल्यामुळे खटला पुन्हा उघडता येईल. पण न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारणार: चोरी केली नव्हतीस तर कबूल का केलीस? आणि त्यावर 'चुकून' असं म्हणून भागणार नाही. सही कुणाच्या सांगण्यावरून केली ते भर कोर्टात सांगावं लागेल.

"ते नाही सांगणार," मेरिम म्हणाली.

"नाहीच म्हणतो. मी येताना कैद्यांच्या वसाहतीत जाऊन भेटून आले त्याला. म्हणे, आबांचं डोकं माझ्यापायी एकदा खाली गेलं, पुन्हा जाऊ द्यायचं नाही. अर्जावर सहीच करत नाही, गाढव."

"ते गाढव नाहीत."

"नवऱ्याची बाजू घे, जरूर घे. पण गाढव तो लहानपणापासून आहे. मी फोडलेल्या काचेचा मार त्याने खाल्लाय, का, तर आबांनी आधी त्याचा कान धरला होता म्हणून." बुरुलने डोळे मनगटाने पुसले, म्हणजे मीठ आणखीच डोळ्यांत गेलं. "आई गं! मेरिम, पाणी घाल डोळ्यांवर."

आत तालाय फळीवर बसून मांसाचे वाटे करत होता आणि आपा बरगडीची चरबी आतड्यात भरत होत्या. आबा बैशेनला आणायला स्वतः गेले होते, म्हणून बुरुलने वेळ दवडला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मेरिम दारातच थांबली.

तालायची सुरी हाडापाशी अडली. "नक्की?"

"जबाब मी डोळ्यांनी वाचलाय, बाइके," बुरुल थोरल्या भावाला म्हणाली.

"चोराचा जबाब. उद्या फिरवेल."

"आणि आपल्या भावाचा कबुलीजबाब तो काय देवाचा शब्द?"

तालायने सुरी खाली ठेवली. मोठा झाल्यापासून तो कुठलीही गोष्ट आधी तोट्याच्या बाजूने पाही, आणि घराला त्याचा पुष्कळदा उपयोगही झाला होता. "शांतपणे ऐक. करार मोडला की करारातली सूट जाते. अर्ज फेटाळला गेला तर पूर्ण शिक्षा भोगायला लागेल. आत्ता काय, पुढचा उन्हाळा आला की पोरगं घरी. एवढी कळ काढली, थोडी राहिली."

"आणि वसंतात तुझी ग्रामप्रमुखाची निवड आहे, तेही सांग ना."

"आहे. लपवून ठेवलीय का? आज लोक म्हणतात, कासमालीच्या घरातून चूक झाली, पण माणसाने मान तुकवून निस्तरली. उद्या म्हणतील, कासमालीने स्वतःच्या पोराला चोर ठरवलं. यातलं कुठलं बरं? आबा न्यायसभेत बसतात, बुरुल. निम्मा तालुका त्यांच्या पुढ्यात भांडणं घेऊन येतो. त्यांना कोर्टात उभं करून त्यांच्या तोंडून हे वदवणार तू?"

"मी नाही. वकील वदवेल."

"थट्टा करू नको."

"थट्टा केली नाही तर मी रडेन, आणि मग मांस कोण शिजवणार?"

अर्धं भरलेलं आतडं मांडीवर धरून आपा भिंतीकडे बघत होत्या. तालायला वाटलं, त्या आपल्या बाजूच्या आहेत. सकाळी तर होत्याच. "आपा, तुम्ही सांगा हिला," तो म्हणाला.

"मलाही वाटलं होतं की त्यानेच केलं," आपा म्हणाल्या. "मी त्याला नऊ महिने पोटात वागवला आणि मलाही वाटलं. का वाटलं माहितीय? तुझे वडील घोडा घेऊन गेले म्हणून. म्हटलं, हे गेलेत म्हणजे असणार." त्यांनी आतड्याचं तोंड दोऱ्याने करकचून बांधलं. "येऊ दे बैशेनला. जेवताना बोलू."

"पाहुण्यासमोर?" तालाय उठलाच.

"त्याच्यासमोरच. घोड्या त्याच्या होत्या."

तालायने मेरिमकडे पाहिलं, जणू निदान ही तरी समजुतीचं काही बोलेल. मेरिमने मान खाली घातली, पण त्याच्या बाजूने एक शब्दही बोलली नाही. तालाय लाकडं फोडायला बाहेर निघून गेला.

बैशेन आला तो ओरडतच. तो आणि आबा एकाच वर्षी जन्मलेले, आणि अशा जोडीदारांनी एकमेकांचा उद्धार केला नाही तर गावाला चुकल्यासारखं होतं.

"घोडा कापलास की मांजर? अंगणात कातडं बघितलं, माझ्या टोपीलाही पुरायचं नाही!"

"तुझं डोकं आहे केवढं, त्याला कातडं किती लागणार?"

"वहिनी, याला तुम्ही अजून घरात ठेवलाय? मी म्हटलं एव्हाना कुरणात सोडून दिला असेल."

आपा हसल्या नाहीत. बैशेनच्या ते लक्षात आलं. तो बूट काढून मुकाट्याने मानाच्या जागी जाऊन बसला. मेरिमने सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं. आधी परतलेल्या काळीज-मांसाची थाळी आली, मग उकडलेलं मांस. आबांनी कमरेचा मानाचा तुकडा स्वतःच्या हाताने बैशेनपुढे ठेवला. तालायने ते पाहिलं आणि नजर वळवली. थोडा वेळ नुसतं जेवण झालं. घोडा चांगला होता, असं बैशेन म्हणाला. थंडी यंदा लवकर आली, असं तालाय म्हणाला. मेरिम समोवारच्या बंबापाशी बसून चहा ओतत होती आणि प्रत्येक पियाला देताना तिला वाटत होतं, आता कुणीतरी बोलेल.

शेवटी बुरुलच बोलली. ओरडली नाही, थट्टा केली नाही. खिंडीपलीकडची टोळी, फाटका कान, मांडीवरचा डाग, भाचा, सगळं तिने सांगितलं. आबांच्या हातातला घास परत थाळीत गेला.

बैशेनने हात पुसायला फार वेळ घेतला. "खिंडीपलीकडचे," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं."

"तुला वाटलं होतं?" आबांनी विचारलं.

"खुरांचे ठसे खिंडीकडेच गेले होते. मी आणि माझा पुतण्या जीन कसून निघालोच होतो. तेवढ्यात तू आलास."

"मी."

"तू. लगाम धरून. मी घोड्यावर बसलेलो, तू दारात मान घालून उभा. मी पुतण्याला म्हटलं, उतर खाली. हा माणूस उगाच मान घालायचा नाही. आपल्या पोराला हा ओळखत असणार, त्याला विचारून मगच आला असणार. म्हणून मी शोध थांबवला, कासमाली. तुझ्यामुळे थांबवला."

आबा बसल्या जागी ताठ झाले होते.

"त्याने नाही म्हटलं नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त सावकाश. "कुरणावरून खाली आला, मी त्याला सांगितलं, मी बैशेनकडे जाऊन आलोय. आता पोलीस देतील त्या कागदावर सही कर आणि मला दुसऱ्यांदा मान घालायला लावू नको. तो काही बोलला नाही. निर्दोष माणूस बोलत नाही का? नाही म्हणत नाही का?"

तो प्रश्न कुणा एकाला नव्हता. पण मेरिमच्या हातातला पियाला कलला आणि चहा दस्तरखानावर सांडला. तिने तो खाली ठेवला. पुढे जे झालं ते आपल्याच तोंडून झालं यावर तिचा बरेच दिवस विश्वास बसला नाही.

"ते दारात उभे होते, आबा."

सगळे तिच्याकडे वळले. तालायने भुवया उंचावल्या.

"त्या संध्याकाळी. तुम्ही जीन पुसत होतात, पाठ दाराकडे होती. ते आत आले नाहीत, बूटही काढले नाहीत. मी चहा ओतून ठेवला होता, तो गार झाला. मी म्हटलं, आत या ना. ते म्हणाले, थांब, आबा आत्ता विचारतील." थांबायचं कसं हे आता तिला सुचत नव्हतं. "तुम्ही विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. तुम्ही न विचारता ते कसं म्हणणार? तुम्ही तर आधीच जाऊन आला होतात. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तुमचा शब्द खोटा पडला असता."

"मेरिम," तालाय म्हणाला, "पुरे आता."

"बोलू दे तिला," आपा म्हणाल्या.

"बोलून झालं माझं," मेरिम म्हणाली आणि सांडलेला चहा पुसायला लागली.

बैशेन आबांकडे बघत होता. या दोघांनी आयुष्यभर एकमेकांना कमी शब्द सुनावले नव्हते, पण आता तो बोलला त्यात थट्टेचा मागमूस नव्हता. "न्यायसभेत तू दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय तोंड उघडत नाहीस. माझ्या पाण्याच्या भांडणात मला आणि त्या मूर्ख सादिरला तू दिवसभर बसवून घेतलं होतंस. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. परक्याचं एवढं ऐकतोस, मग घरच्याचं का नाही ऐकलंस?"

"घरच्याचं म्हणूनच," आबा म्हणाले. "लोकांनी म्हणू नये की स्वतःच्या पोराला वाचवतो."

"मग झालं समाधान लोकांचं?"

आबांनी पुढ्यातली थाळी बाजूला सारली.

"मी कोर्टात सांगीन," बैशेन म्हणाला. "तू आलास म्हणून मी मानलं, माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता, असं सांगीन. आणि तुझा घोडा संध्याकाळच्या आत तुझ्या गोठ्यात येईल. निर्दोष पोराच्या नावाने आलेला घोडा मी वर्षभर माझ्या दारात बांधला. मलाही लाज आहे."

"घोड्याचं राहू दे."

"नाही राहू देणार. तुझी रीत आहे तशी माझीही आहे."

तालायने घसा साफ केला. "काका, तुमचं ठीक आहे. पण एर्मेक सही करत नाही. त्याची सही नसेल तर अर्जच नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नाही. आबा, तुम्हाला कोर्टात उभं राहून सगळ्यांसमोर म्हणावं लागेल की मी न विचारता..." पुढचं त्याला वडिलांच्या तोंडावर बोलवेना. त्याचे डोळे भरले होते, आणि बुरुलला त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याबद्दल माया वाटली. तो निवडणुकीसाठी भांडत नव्हता. किंवा नुसता निवडणुकीसाठी भांडत नव्हता.

आबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. सगळ्यांना वाटलं, बाहेर जातील. मनाला लागलं की ते गोठ्यात जात. ते दारापर्यंत गेलेही. तिथे थांबले, उंबऱ्याकडे पाहिलं आणि वळले.

"तो फोन कधी करतो?" त्यांनी मेरिमला विचारलं.

"रविवारी दुपारी. आज करतील. आत्ताच, थोड्या वेळात."

"कुणाशी बोलतो?"

"माझ्याशी. मग आपांशी."

"माझ्याबद्दल विचारतो?"

"दरवेळी," मेरिम म्हणाली. "आबांचा गुडघा कसा आहे विचारतात. पण फोन त्यांना देऊ नको म्हणतात, त्यांना अवघड होईल."

आबा परत येऊन बसले, पण आपल्या जागेवर नाही, समोवारपाशी, मेरिमच्या शेजारी. सासरा सुनेजवळ असा बसत नसतो. मेरिम अंग चोरून थोडी सरकली. कुणी जेवलं नाही, कुणी भांडीही उचलली नाहीत. आपांनी मधेच एक उसासा टाकला. बैशेनने दाढी कुरवाळली. फोन वाजला तेव्हा बुरुल दचकली.

मेरिमने तो उचलला. "मी आहे... हो. बरे आहेत सगळे. घोडा कापला आज." मग ती आबांकडे वळली. "थांबा हं. देते." आणि कुणाला देते ते न सांगता तिने फोन आबांच्या हातात ठेवला.

आबांनी तो कानापासून जरा लांब धरला, म्हणून पलीकडचं सगळ्यांना ऐकू येत होतं. माणसांची गडबड, कुणाचा तरी खोकला, आणि एर्मेकचा आवाज, "आपा? गुडघा कसा आहे त्यांचा?"

"बरा आहे," आबा म्हणाले.

पलीकडे एकदम शांत झालं. गडबड होती, पण एर्मेक नव्हता.

"एर्मेक."

"आबा."

"बैशेनच्या घोड्या तू नेल्यास का?"

मागून कुणीतरी ओरडलं, आटप रे, रांग आहे. मेरिम आपल्या नवऱ्याचा श्वास ऐकत होती.

"नाही, आबा."

आबांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. "नाही म्हणतोय," ते म्हणाले.

ती खोली भरली होती आणि तिच्यातल्या प्रत्येकाला हे एव्हाना ठाऊक होतं. पण आबांनी ते आज त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की आपांनी डोक्याच्या रुमालाने तोंड झाकून घेतलं. तालाय खिडकीकडे वळला.

"आबा, तुम्ही त्रास करून घेऊ नका," एर्मेक घाईघाईने म्हणाला. "उन्हाळ्यात सुटतोच आहे मी. एजे काहीतरी अर्जाचं बोलत होती, तिचं मनावर घेऊ नका. मी सही करणार नाही. तुम्ही म्हणालात तर करीन, पण तुम्ही म्हणू नका. तुम्ही सांगाल तसं करीन मी."

बुरुल पुढे सरकली. वकीलबाई हेच म्हणाल्या होत्या: वडिलांनी एकदा सांगितलं की काम झालं. आता आबांनी 'कर' एवढंच म्हणायचं बाकी होतं. तालायनेही मान डोलावली, थकून, हरल्यासारखी.

"नाही," आबा म्हणाले. "मी सांगणार नाही. मागच्या खेपेला मी सांगितलं आणि तू केलंस. या खेपेला मी विचारतोय. माझं डोकं, लोक, बैशेन, तुझ्या भावाची निवडणूक, सगळं बाजूला ठेव. तुला काय हवंय?"

एर्मेक बोलेना. आजवर कुणी त्याला हे विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर कुठून काढायचं हेही त्याला कळत नसावं. मागचा माणूस पुन्हा ओरडला. आबा थांबले. विचारून झाल्यावर थांबायचं असतं, हे न्यायसभेत त्यांनी कित्येकांना सांगितलं होतं, आणि आज ते स्वतः फोन दोन्ही हातांत धरून थांबले होते.

"मला घरी यायचंय," शेवटी एर्मेक म्हणाला. आवाज फुटला होता, अगदी लहान पोरासारखा. "पण चोर म्हणून नाही यायचं, आबा."

"ऐकलं," आबा म्हणाले. त्यांनी फोन मेरिमकडे दिला आणि बुरुलला विचारलं, "तुझी वकीलबाई मला उद्या भेटेल का?"